काउंटीच्या अनुदानाला शेतांच्या संख्येनं भागू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका ग्रामीण काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तेलबियांपोटी सरकारनं वाटलेल्या पैशांचा वर्षवार तक्ता तुम्ही पाहिलात. काही वर्षं जवळजवळ कोरी, तर 2019 च्या आसपास एकदम डोंगर. एकूण रकमेला तुम्ही काउंटीतल्या शेतांच्या संख्येनं भागलंत, उत्तर रुपयांत केलंत आणि विचारलंत: ‘म्हणजे तिथल्या सोयाबीनवाल्याला सरकार दरवर्षी सरासरी एवढं देतं का? मग आपलं सोयाबीन त्यांच्यापुढं टिकायचं कसं?’

इलिनॉयमधल्या शेतकऱ्यांचे जमाखर्च आणि करविवरणपत्रं बघणं हा माझा धंदा. पीकविम्याचे आणि अनुदानाचे कागद त्यात ओघानं येतात. तुमचा भागाकार बरोबर आहे. पण भाज्यही चुकलाय आणि भाजकही. ‘सरासरी किती’ याला एका आकड्यात उत्तर नाही, आणि का नाही हे समजलं की तक्ता आपोआप वाचता येतो.

आधी भाजक, कारण ते सोपं आहे. अमेरिकेच्या कृषी गणनेत वर्षाला किमान 1,000 डॉलरचा शेतमाल जिथं विकला जातो, किंवा एरवी विकला गेला असता, अशी कुठलीही जागा ‘शेत’ म्हणून मोजतात. घराशेजारी पाच एकर गवत कापून विकणारा निवृत्त शिक्षक हेही एक शेत, आणि दोन मुलांना हाताशी घेऊन 2,500 एकर मका-सोयाबीन करणारा हेही एक शेत. पहिल्याला तेलबियांचा एक पैसा मिळत नाही. तुमची सरासरी या दोघांच्या मधल्या अशा माणसाची आहे, जो काउंटीत राहतच नाही.

आता भाज्य. इथं गोम आहे. ‘तेलबिया’ या मथळ्याखालचा पैसा तेलबिया पेरणाऱ्यालाच गेला असं आपण सहज धरून चालतो. पण 2014 च्या कायद्यापासून चालत आलेल्या नेहमीच्या योजनांमध्ये पैसा यंदाच्या पिकावर मिळत नाही, तो ‘बेस’वर मिळतो. बेस म्हणजे जमिनीच्या नावावर गोठवून ठेवलेला जुना पीकपेरा. सोयाबीन आणि इतर तेलबियांना बेसची सोय 2002 च्या कायद्यानं झाली आणि तेव्हा 1998 ते 2001 मधला पेरा विचारात घेतला गेला. पुढं 2014 मध्ये जमीनमालकांना 2009 ते 2012 च्या पेऱ्याप्रमाणे तो पिकांत नव्यानं वाटून घेण्याची एक संधी मिळाली. जमीन विकली की बेस जमिनीबरोबर जातो. आज त्या रानात काय उभं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे सोयाबीनच्या बेसवर यंदा मका पेरला तरी पैसे आले तर ते सोयाबीनच्या नावानं येणार. उलट मक्याच्या बेसवर वर्षानुवर्षं सोयाबीन काढणाऱ्याला मिळालेले पैसे तुमच्या तक्त्यात ‘तेलबिया’मध्ये दिसणारच नाहीत, ते मक्याच्या ओळीत असतील. इथं एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन अशी फेरपालट सगळेच करतात, त्यामुळं ही सरमिसळ अपवाद नाही, रोजचीच आहे.

याचा परिणाम किती मोठा असतो बघा. या योजनांचे दोन प्रकार आहेत आणि शेतकऱ्यानं आपल्या प्रत्येक पिकाच्या बेससाठी त्यातला एक निवडायचा असतो. पीएलसी म्हणजे देशाचा सरासरी भाव कायद्यातल्या संदर्भ भावाखाली गेला तर फरक मिळतो. एआरसी म्हणजे काउंटीचं एकरी उत्पन्न, भाव आणि उतारा (एकरी किती पीक निघालं ते) मिळून, मागच्या काही वर्षांच्या मानानं घसरलं तर भरपाई. सोयाबीनचा संदर्भ भाव 2014 मध्ये बुशेलला 8.40 डॉलर ठरला. एक बुशेल म्हणजे सोयाबीनचे साधारण 27 किलो. त्यानंतर दहा हंगाम देशाचा सरासरी भाव त्याखाली एकदाही गेला नाही. 2018 च्या पिकाला तो 8.48 पर्यंत येऊन टेकला, पण रेषा ओलांडली नाही. थोडक्यात, पीएलसीमध्ये सोयाबीनच्या बेसला त्या दहा हंगामांत दमडी मिळाली नाही. मक्याचा संदर्भ भाव 3.70 होता आणि भाव बरीच वर्षं त्याखाली राहिला, म्हणून मक्याच्या बेसला मिळाली. दोघा शेजाऱ्यांनी तेच पीक, तेवढंच पेरलं. एकाला चेक आला, दुसऱ्याला नाही. फरक वीस वर्षांपूर्वीच्या पेऱ्याचा. तुमच्या तक्त्यातली कोरी वर्षं बरीचशी यातून आली आहेत.

एआरसीनं काही काउंट्यांत सोयाबीनला पैसे दिले, काहींत नाही. तिथं हिशेब काउंटीचा धरतात, तुमच्या शेताचा नाही. आपल्याकडं पीकविम्यात महसूल मंडळ धरतात तसंच. तुमच्या रानावर गारपीट झाली आणि बाकी काउंटी सुखरूप असेल तर हात हलवत बसायचं. माझ्याकडं येणारे लोक एआरसीला सर्वांत जास्त शिव्या याचसाठी देतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

पीएलसीचा हिशेब एकदा हातानं करून बघा म्हणजे रकमेचा अंदाज येईल. समजा 100 एकर सोयाबीनचा बेस आहे, त्यावर नोंदलेला उतारा एकरी 45 बुशेल आहे आणि भाव संदर्भ भावाच्या 50 सेंट खाली गेला. पैसे बेसच्या 85 टक्के क्षेत्रावरच मिळतात, म्हणजे 85 एकर. 85 गुणिले 45 गुणिले 0.50, झाले सुमारे 1,912 डॉलर. त्यातूनही सरकारी खर्चकपातीच्या जुन्या कायद्याखाली थोडी कात्री लागते. शंभर एकरांच्या बी-बियाणं-खतांच्या बिलापुढं ही रक्कम किरकोळ आहे. नेहमीच्या योजनांतून डोंगर उभा राहत नाही.

डोंगर उभे राहतात ते वेगळ्याच कारणांनी, आणि प्रत्येकाची जात निराळी. तुमचा तक्ता 1995 पासूनचा असेल तर पहिला उंचवटा 1998 ते 2001 चा दिसेल. तेव्हा सोयाबीनचा भाव पाच डॉलरच्या खाली गेला होता आणि पीक तारण ठेवून सरकार बुशेलमागं जे कर्ज द्यायचं त्याचा दर 5.26 डॉलर होता. मधला फरक शेतकऱ्याला बुशेलमागं रोख मिळायचा, तोही खऱ्याखुऱ्या उत्पादनावर. शिवाय 1999 च्या पिकासाठी संसदेनं तेलबियांना वेगळे 47.5 कोटी डॉलर दिले. 2002 ते 2013 या काळात सोयाबीनच्या बेसवर बुशेलला 44 सेंट मिळायचे, भाव चढो की पडो. ती वर्षं तक्त्यात सपाट पठारासारखी दिसतील. भाव चढा असतानाही पैसे मिळतात यावर फार टीका झाली आणि 2014 मध्ये ती योजना बंद झाली.

आता 2018 कडं या. त्या वर्षीच्या 6 जुलैला चीननं अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा आयातशुल्क लावलं. सर्वांत मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. सोयाबीनला बुशेलमागं 1.65 डॉलर, मक्याला फक्त एक सेंट. ही मदत बेसवर नव्हती, कापून घरी आणलेल्या मालावर होती. 500 एकर सोयाबीन, एकरी 50 बुशेल असं धरलं तर 25,000 बुशेलचे 41,250 डॉलर. त्या वर्षीचा तेलबियांचा आकडा खऱ्या सोयाबीनवाल्याचा आहे असं बिनधास्त म्हणता येतं.

2019 चं मात्र तसं नाही. त्या वसंतात पाऊस थांबेना. एरवी मे संपेपर्यंत पेरण्या उरकतात, त्या वर्षी जून उजाडला तरी रानात पाणी. 23 मेला सरकारनं दुसरी मदत जाहीर केली, पण दर सांगितले नाहीत. एवढंच सांगितलं की एकरी दर काउंटीप्रमाणे असेल आणि पैसे पेरलेल्या क्षेत्रावर मिळतील. दर कळले 25 जुलैला. मधले दोन महिने लोक माझ्याकडं एकच सवाल घेऊन येत होते: चिखलात ट्रॅक्टर घालून सोयाबीन टाकू, की पेरणी झाली नाही म्हणून विम्याची भरपाई घेऊ? पेरलं नाही तर व्यापार-मदत बुडणार. पेरलं तर विम्याची ती भरपाई बुडणार. आणि ज्याच्या जोरावर ठरवायचं तो दरच माहीत नाही. कुणाची जमीन निचऱ्याची, कुणाची पाणथळ. कुणाचा विमा 80 टक्क्यांचा, कुणाचा 65 चा. त्यामुळं सगळ्यांना एक सल्ला देणं शक्यच नव्हतं. मी प्रत्येकाला विम्याची रक्कम कागदावर काढून द्यायचो आणि मदतीच्या रकान्यात सर्वांत कमी दर धरायला सांगायचो. अंतिम दर एकरी 15 ते 150 डॉलर असे निघाले.

यात तुमच्या तक्त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की 2019 चा दर काउंटीचा होता, पिकाचा नव्हता. ज्या काउंटीत सोयाबीनसारखी मार बसलेली पिकं जास्त, तिथं दर जास्त. आणि मग त्या काउंटीत मका पेरणाऱ्यालाही तोच दर. मधल्या रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शेतकऱ्याला, दोघांनी सोयाबीन पेरलं असूनही, निराळे पैसे मिळाले, कारण रस्ता हीच काउंटीची हद्द. या मदतीतला किती भाग कुठल्या यादीनं ‘तेलबिया’त टाकलाय हे यादी बनवणाऱ्यावर आहे. काही याद्या ती संपूर्ण वेगळी दाखवतात. शिवाय पैसे तीन हप्त्यांत आले, शेवटचा 2020 च्या सुरुवातीला, आणि 2018 च्या मदतीचाही काही भाग 2019 मध्ये पोचला. म्हणून तुमचा 2019 चा डोंगर हा दोन हंगामांचा ढीग आहे. तो एका वर्षाचा समजून सरासरीत घातलात की सगळं बिघडतं.

पैसा नेमका कुणाच्या हातात पडतो? तो जातो जोखीम घेणाऱ्याकडं. जमीन रोख खंडानं घेतली असेल तर सगळं अनुदान कसणाऱ्याला. बटाईनं असेल तर ठरलेल्या हिश्शानं मालकालाही. मध्य इलिनॉयमध्ये खंडाची जमीन अमाप आहे आणि निम्म्या वाट्याची बटाई ही तिथली जुनी पद्धत. मालक म्हणजे कधी शिकागोत राहणारी मुलगी, कधी फ्लोरिडात स्थायिक झालेले भाऊ. तेव्हा यादीत काउंटी कशावरून ठरवली आहे, चेक ज्या पत्त्यावर गेला त्यावरून की शेत जिथं नोंदलंय त्यावरून, हे आधी तपासा. आणि रोख खंडात अनुदान कसणाऱ्याला मिळालं म्हणून ते त्याच्या खिशात राहिलं असंही नाही. मदत मिळतेय हे मालकालाही ठाऊक असतं. पुढच्या करारात खंड वाढतो किंवा उतरायचा तो उतरत नाही. माझं मत विचाराल तर या अनुदानाचा बराच वाटा शेवटी जमिनीच्या भावात मुरतो, आणि ज्याच्याकडं आधीच जमीन आहे त्याचं भलं होतं. तरुण, खंडानं कसणाऱ्या पोराला त्यातून फार थोडं उरतं.

कमाल मर्यादा आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. नेहमीच्या योजनांत ती माणशी 1,25,000 डॉलर होती, 2025 च्या कायद्यानं 1,55,000 केली. भागीदारी संस्था असेल तर शेतीत खरोखर काम करणाऱ्या प्रत्येक भागीदाराला स्वतंत्र मर्यादा. नवरा, बायको, भाऊ, भावजय अशी चार नावं कायदेशीरपणे घातली की मर्यादा चौपट.

इथंच तुमच्या मूळ प्रश्नाचं, माझ्या मते, सर्वांत खरं उत्तर आहे. 2025 मध्ये चीननं पुन्हा कित्येक महिने खरेदी थांबवली, तेव्हा डिसेंबरात 12 अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. सोयाबीनचा दर एकरी 30.88 डॉलर. हेक्टरी सुमारे 76 डॉलर, डॉलर 90 रुपये धरला तर 6,900 रुपयांच्या आत. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपासाठी सोयाबीन-कापसाला जे दिलं ते हेक्टरी 5,000 रुपये होतं. हेक्टरी दरात म्हणावी तेवढी तफावत नाही. तफावत मर्यादेत आहे. आपली मर्यादा 2 हेक्टर. त्यांची 1,55,000 डॉलर, म्हणजे 30.88 च्या दरानं 5,000 एकरांपर्यंत कुणी आडवत नाही. तुम्ही जो आकडा बघून थक्क झालात तो दराचा नाही, क्षेत्राचा आहे.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्टही आहे, पीकविमा. त्याच्या हप्त्यातला निम्म्याहून मोठा वाटा सरकार भरतं, पण तो शेतकऱ्याच्या नावानं जात नाही, म्हणून अशा काउंटीवार अनुदान-याद्यांत बहुधा सापडत नाही. माझ्या अशिलांना विचाराल तर त्यांचा खरा आधार तोच आहे. फेब्रुवारीत शिकागोच्या वायदेबाजारातल्या नोव्हेंबर सोयाबीनची सरासरी निघते, त्यावर विम्याचा भाव ठरतो, 15 मार्चपर्यंत कागद करायचे. बँक कर्ज देताना हाच कागद आधी मागते. जादा मदत येईल की नाही हे वॉशिंग्टनच्या मनावर. पीककर्ज तिच्या भरवशावर मिळत नाही.

‘तेलबिया’ या शब्दाबद्दल एक सावधगिरी. इलिनॉयमध्ये तेलबिया म्हणजे सोयाबीनच. पण नॉर्थ डकोटातली काउंटी उघडलीत तर तिथं सूर्यफूल, कनोला, जवस येतील. कायद्यातल्या यादीत करडई, मोहरी आणि तीळही आहेत. भुईमूग मात्र त्यात नाही, त्याचा हिशेब पहिल्यापासून स्वतंत्र. जॉर्जियातली भुईमुगाची काउंटी तेलबियांच्या ओळीत कोरडी दिसली तर तिथं काही मिळत नाही असं समजू नका.

आता आपलं सोयाबीन टिकायचं कसं, या भागाबद्दल. बुशेलला 10 डॉलर भाव धरला तर अमेरिकी शेतकऱ्याला क्विंटलमागं 37 डॉलरच्या आसपास मिळतात, म्हणजे सुमारे 3,300 रुपये. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328 आहे. तो कमी भावात विकतो हे खरं. पण त्यामागं अनुदानाइतकंच एकरी 50 बुशेलचं उत्पादन, म्हणजे हेक्टरी 33-34 क्विंटल, हेही आहे. आणि त्याचं सोयाबीन थेट लातूरच्या किंवा वाशीमच्या बाजारात उतरत नाही. आपल्याकडं परदेशातून येतं ते मुख्यतः तेल: इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोया. 30 मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क 27.5 वरून 16.5 टक्क्यांवर आलं. लातूरच्या भावाला त्याचा धक्का इलिनॉयच्या कुठल्याही चेकपेक्षा जवळचा. शिकागोचा भाव पडला की आपल्याकडंही सावट येतं, ते नाकारत नाही. पण दोष द्यायचाच झाला तर पहिल्यांदा दिल्लीच्या शुल्काकडं बघा.

शेवटचं, तक्ता पुढं बघत राहणार असाल तर. 4 जुलै 2025 च्या कायद्यानं सोयाबीनचा संदर्भ भाव 8.40 वरून थेट 10 डॉलर केला, आणि 2025 च्या पिकापुरती पीएलसी-एआरसीमधली जी रक्कम मोठी ती मिळणार आहे. सोयाबीनचं व्यापारी वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असतं, त्यामुळं त्या पिकाचा सरासरी भाव ठरून पैसे निघणार ते ऑक्टोबर 2026 पासून. एकरी 30.88 वाल्या मदतीचं वाटप फेब्रुवारी 2026 अखेरपर्यंत ठरलं होतं. दोन्ही रकमा 2026 च्या रकान्यात एकावर एक बसतील, एक पेरलेल्या क्षेत्रावरची आणि दुसरी जुन्या बेसवरची. तो डोंगर 2025 च्या पिकाचा आहे एवढं लक्षात ठेवा. तुम्ही बघितलेल्या काउंटीचं नाव आणि तक्त्यातले योजनांचे मथळे इथं लिहिलेत तर कुठली ओळ पेऱ्याची आणि कुठली बेसची हे मी ओळीनुसार सांगू शकेन.